काकूंच्या वायफायची शिफ्ट ड्यूटी

भिलाईतल्या आमच्या ब्लॉकच्या जिन्यात चार माणसं जमली की आधी स्टील प्लांटच्या गोष्टी निघतात, मग नातेवाइकांच्या, आणि मग सगळ्यांचा आवाज एकदम खाली जातो. आवाज खाली गेला की समजावं, आता वायफायचे किस्से! मुद्दाम कोणी जमवले नाहीत, आपोआप साचत गेले. सांगताना हसू येतं आणि घरी जाऊन पडलं की कान गरम होतात. माझे तर अजूनही होतात.

मुळात ते वायफाय आमचं नव्हतंच. ते तळमजल्यावरच्या गायधने काकूंचं. काका प्लांटमधून रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत गेले. मुलगी वैशू जर्मनीत, कॉम्प्युटरच्या कंपनीत. तिला मुलगी झाली तेव्हा आईला नातीचं तोंड रोज दिसावं म्हणून तिने तिकडूनच कनेक्शन लावून दिलं. रोज संध्याकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल. काकूंचा सगळा दिवस त्या कॉलची वाट पाहण्यात जायचा.

कनेक्शन लावायला आलेल्या माणसाने विचारलं, "आंटी, पासवर्ड क्या रखूँ?"

"कायले पायजे पासवर्ड? ब्लॉकमंदी सारे आपलेच लोक हायेत!"

हे मी जिन्यात उभा राहून ऐकलं. त्याच संध्याकाळी माझा मोबाईल जोडलेला होता.

०

आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. आमच्या क्वार्टरमध्ये सिग्नल एकाच जागी यायचा, स्वयंपाकघरातल्या देवघरापाशी! मी सकाळ-संध्याकाळ तिथे मान खाली घालून उभा. आई आत आली की डोळे मिटायचे, गेली की क्रिकेटचा स्कोअर.

आईला वाटलं, पोरगा सुधारला. तिने ही बातमी पहिल्यांदा कोणाला सांगावी? गायधने काकूंना!

दुसऱ्या दिवशी काकू गुडघे धरत धरत आमचे जिने चढून आल्या. हातात शिऱ्याची वाटी. म्हणाल्या, "राजू, तुह्या हातानं देवाले दाखव बापा. वैशूची पोरगी तिकडं सर्दीनं बेजार हाय. तू रोज उभा रायतं, तुहं आयकन थो."

मी नैवेद्य दाखवला. काकू हात जोडून शेजारी उभ्या होत्या. खिशातला मोबाईल त्यांच्याच वायफायवर टिंग टिंग करत होता.

०

आमच्या समोरच्या दारात बिसेन भाऊ, रोलिंग मिलमधले. एका रविवारी काकूंचं नेट फारच हळू चालत होतं. का चालत होतं ते सांगायला नको, आम्ही सगळे घरीच होतो. बिसेन भाऊ वैतागून गाडी काढून थेट शेजारच्या दुर्ग स्टेशनवर गेले. प्लॅटफॉर्मवर फुकटचं वायफाय मिळतं, बाकड्यावर बसून आरामात वेब सिरीज उतरवायची असा बेत.

तेवढ्यात गोंदियाकडची गाडी लागली आणि समोर सासू-सासरे उतरले! न कळवता आले होते.

"जावईबापू! तुमाले कसं मालूम पडलं जी?"

बिसेन भाऊंच्या तोंडून निघून गेलं, "मनात आलं जी माझ्या."

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सासऱ्यांनी गोंदियाभर सांगितलं की आमच्या जावयाच्या मनात येते! आता सासरचं कोणीही भिलाईला येताना फोन करत नाही. सरळ उतरतात आणि प्लॅटफॉर्मवर जावई शोधतात. एकदा ते दिसले नाहीत म्हणून एक मेव्हणी रुसून परतीच्या गाडीने निघून गेली. तेव्हापासून बिसेन भाऊ दर रविवारी ती गाडी आली की स्टेशनवर हजर असतात. विचारलं तर म्हणतात, "पाप कटून राहिलं, अन् डाउनलोडबी होऊन राहिलं!"

०

मग काकूंचा कॉल अटकायला लागला. त्यांनी मला आणि बिसेन भाऊंना बोलावलं. "तुमी प्लांटातले लोक. मशीनचं तुमाले समजते. पाहा बरं जरा."

गेलो. मे महिना, भट्टीपुढे उभं राहिल्यासारखी गरमी. आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन काकूंनी राउटरसमोर लावून ठेवला होता! स्वतः पेपरच्या घडीने वारा घेत बसलेल्या.

"लय तापते जी थे. एकटं बिचारं किती काम करन?"

बिसेन भाऊंनी राउटरला हात लावून पाहिला, गंभीर चेहरा केला आणि म्हणाले, "लोड जास्त हाय काकू."

"कोनाचा लोड? मी तं एकटीच हावो घरात!"

यावर आम्ही दोघांनी चहा प्यायला. पोहेही खाल्ले.

०

आता हा किस्सा मी जिन्यात कधी सांगत नाही. एका संध्याकाळी काकूंचा डबा परत द्यायला खाली गेलो. दार उघडंच होतं. मोबाईल साखरेच्या बरणीला टेकवलेला. पडद्यावर वैशू, डोळे अर्धे मिटलेले, मांडीवर पोर, तिचा हात हवेत पुसट झालेला. चित्र ठार अटकलेलं. आणि काकू बोलत होत्या. गुडघ्याचं, डॉक्टरचं, काकांच्या वर्षश्राद्धाचं, सगळं सविस्तर.

मला पाहून हसल्या. "वैशू आजकाल लय शांततेनं आयकते बाप्पा. पयले तं मले बोलूच नव्हती देत."

माझ्या खिशात सिनेमा उतरत होता. मी डबा ठेवला आणि वर आलो. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. तो सिनेमा मी डिलीट केला. पण खरं सांगतो, पाहून झाल्यावर केला.

०

मी जिन्यात सगळ्यांना गोळा करून सांगितलं, हे बरं नाही. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. पण वायफाय सोडून द्यावं असं कोणाच्याही तोंडून निघालं नाही. आम्ही प्लांटची माणसं, आम्ही शिफ्ट लावली! ज्याची प्लांटमध्ये फर्स्ट शिफ्ट त्याने वायफायवर सेकंडला यायचं, एकाने सोडलं की दुसऱ्याने, म्हणजे त्याच्या रिलीव्हरने, चढायचं, आणि काकूंच्या कॉलच्या वेळेला पूर्ण शटडाऊन.

पहिल्याच दिवशी शटडाऊनमध्ये काकूंचा कॉल अटकला. मधल्या मजल्यावरच्या साहूजींचं दार वाजवलं. ते खाटेवर पडून मोबाईल पाहत होते.

"का करंव भैया? मोर रिलीव्हर नइ आय हे," साहूजी छत्तीसगढीत म्हणाले. "ओव्हरटाइम करत हंव!"

०

पण पुढे शिस्त लागली. काकूंचा कॉल काचेसारखा साफ चालायला लागला. काकूंनी ठरवलं, हे बिसेन भाऊंनी आणि राजूनेच दुरुस्त केलं. आम्ही नको नको म्हणत राहिलो, त्याला त्या आमचा मोठेपणा समजल्या.

आणि त्यांनी आमचा सत्कार ठेवला! साऱ्या ब्लॉकला बोलावलं. प्लांटमध्ये रिटायरमेंटला करतात तसं शाल, नारळ, पेढा. काकांच्या रिटायरमेंटला मिळालेल्या शाली कपाटात घडी करून ठेवलेल्या होत्या, त्यांतलीच एक माझ्या खांद्यावर आली आणि एक बिसेन भाऊंच्या. वैशूलाही दाखवायचं म्हणून वेळ कॉलचीच धरलेली. शिवाय नात नुकती "आजी" म्हणायला शिकली होती आणि त्या दिवशी ती म्हणून दाखवणार होती. काकू सकाळपासून सांगत होत्या, "आज माही नात मले हाक मारन."

सगळे मोबाईल वर करून सत्काराचे व्हिडिओ काढत होते आणि तिथल्या तिथे ब्लॉकच्या ग्रुपवर टाकत होते.

"म्हण पिल्ला," पडद्यावरून वैशू म्हणाली. "कोण आहे ती? म्हण."

नातीने तोंड उघडलं आणि चित्र अटकलं.

काकू वळल्या. "बिसेन भाऊ, पाहा बरं जी, का झालं याले?"

कोणी कोणाकडे पाहिलं नाही. सगळ्यांचे मोबाईल एकदम खाली आले, वायफाय बंद करायला सगळ्यांची बोटं एकदम फिरली. चित्र हललं. नात खाली वाकून पायातला मोजा ओढत होती.

"ऐकलं का आई? किती साफ म्हणाली!"

"नाही ना वो," काकू म्हणाल्या. "अटकलं होतं."

आईच्या खांद्यावरून वैशू आमच्याकडे पाहत राहिली. आम्ही सगळे मोबाईल पाठीमागे धरून उभे. एकेका चेहऱ्यावरून फिरत तिची नजर माझ्यापाशी थांबली.

"राजूदादा," ती म्हणाली, "बाबांची शाल शोभून दिसते तुम्हाला."