आधी काढलेलं ताट

दोन गोधड्या धुऊन झाल्या, तिसरी साबणाच्या पाण्यातच पडली आहे. कोराडीत दुपारी वाळत घातलं की वीज केंद्राची राख बसते, म्हणून सकाळीच उरकत होते. तेवढ्यात मागच्या भिंतीपलीकडून बायजाबाईंचा आवाज आला, "माह्या महालक्ष्म्या उपाशी, अन् ताट आधी कोणाचं वाढलं? सांग!"

ताट माझं होतं.

शेजारची मनकर्णा ही बायजाबाईंची थोरली सून, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. नवरा चंपतराव प्लांटात कोळशाच्या पट्ट्यावर. गाव सोडून क्वार्टरमध्ये आली ती घरच्या महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे मांडीवर घेऊन. शाळा पाहिली नाही, नवऱ्यापुढे तोंड उघडत नाही. पण भाद्रपदातले हे तीन दिवस ती कोणाच्या हाताखाली नसते. सासूसुद्धा तिला विचारून चूल पेटवते.

सात वर्षांमागं ती ताट घेऊन आली तेव्हा मी दारातच म्हटलं, राग धरू नका बाई, देवाला दाखवलेलं आम्ही ख्रिस्ती खात नाही. वाटलं, आता ही तोंड पाहणार नाही. पुढच्या वर्षी परत आली. "हे आधीच काढलं. देवीपुढे गेलं नाही. चालते न वं?"

चाललं. मी डोळे मिटून आभार मानले, पुरणपोळी खाल्ली आणि रविवारी चर्चच्या मंडळीत फुशारकीनं सांगितलं, प्रभूनं वाट काढली. प्रभूनं कुठली! मनकर्णेनं काढली होती, स्वतःच्या देवीची चोरी करून. नैवेद्याआधी त्या घरात मीठसुद्धा चाखत नाहीत. हे मला ठाऊक नव्हतं असं इथं लिहिणार होते. ठाऊक होतं. नागपुरातच वाढले मी. सहा वर्षं जाणूनबुजून खाल्लं.

आज ते ताट अरुंधतीबाईंनी पाहिलं. इंजिनिअर साहेबांची बायको, महिला मंडळाच्या अध्यक्ष. दर्शनाला आल्या, मागच्या दारी हात धुवायला गेल्या, ताटावरचं झाकण उचललं आणि मोठ्यानं विचारलं, "हे कुणाचं?" मनकर्णेला खोटं बोलता येत नाही.

नैवेद्य झाल्यावर मला बोलावणं आलं. पंगत खोळंबली होती. बायजाबाई माझ्याकडे न बघता बोलल्या, "मुखवटे उद्या माह्या धाकट्या लहानूसंगं गावाले जातीन, त्याच्या बायकोकडे. हिच्या हाती माह्या देवी ठेवत नाही."

अरुंधतीबाई माझ्याकडे पाहून हसल्या. "अहो, एवढं काय त्यात! सत्यवतीबाई नैवेद्यातला एक घास खातील, विषय संपला. शेवटी देव एकच, नावं वेगळी."

या बाईकडे मला चहा कान तुटलेल्या कपात मिळतो, आणि तो कप मीच विसळून खिडकीत ठेवायचा असतो. देव एक करायला हिला एक वाक्य पुरतं, कप मात्र दोन लागतात! अंगाची नुसती आग झाली.

बायजाबाईंनी नैवेद्याचा द्रोण माझ्यापुढे सरकवला. "खाय पोरी. खाल्लं त राहू देतो मुखवटे."

एक घास. सगळ्या बायका माझ्या हाताकडे पाहत होत्या. खाल्लं तर मनकर्णेचा मान वाचतो. आणि ज्यानं माझ्यासाठी जीव दिला त्याला मी कोणत्या तोंडानं हाक मारू? प्रभो, सांग, म्हटलं. त्यानं काही सांगितलं नाही. त्याच्यावरही राग आला, तोही लिहिते.

बोलली ती मनकर्णाच. "नाही खाणार ते. अन् मी खाऊ देत नाही तिले."

"अगं, पण देव एकच—"

"एकच असता त सहा वर्षं हे पाप कायले केलं असतं मी? तिचा येगळा हाय, माहा येगळा हाय. मले अनपढ बाईले कळते, तुमाले काहून नाही कळत, मॅडम?"

"मी खाणार नाही," मी म्हणाले. बायजाबाईंनी द्रोण उचलला आणि पाठ फिरवली.

मी आजही मानते की वाट एकच आहे आणि तो ख्रिस्त आहे. कोणी कितीही गोड बोललं तरी त्याला मी दहाजणांच्या रांगेत बसवणार नाही. पण त्या खोलीत माझ्या देवाची अब्रू राखली कोणी? त्याच्यापुढे कधी मान न झुकवलेल्या बाईनं. आणि भोगायचंही तिनंच. माझं काय गेलं? एक पुरणपोळी.

तीन वाजता ती मागच्या भिंतीशी उभी राहिली. डोळे सुजलेले.

"मुखवटे बांधाले कापूस नाही घरात. आणून देशीन? का कापसानं बी बाटते तुह्यावालं?"

"आणते," म्हटलं.

"अर्धा किलो आण. नाकं घासतीन त्यायची बसमदी."

मूर्तीसाठी कापूस आणणं आमच्या धर्मात बसतं का नाही, हे मी पाळकांना विचारणार नाही. दुकान चारला उघडतं. अर्धा किलो कापूस आणायला जायचं आहे.