बंद करायची सोय नसलेली मोटारसायकल

वडीगोद्रीला माझं औषधांचं दुकान आहे. दुकानात बसून बसून मला एक खोड लागली आहे. समोरचा माणूस अर्धं वाक्य बोलतो न बोलतो तोच माझा हात कपाटाकडे जातो. उरलेलं अर्धं वाक्य मी सहसा ऐकत नाही. माझी मोटारसायकल आजारी पडली तेव्हा तिच्यावरही मी याच पद्धतीने उपचार केले.

गाडी जुनी, किकची. माझ्या लग्नाच्याही आधी घेतलेली. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि तिची स्कूटी बटण दाबलं की सुरू होते. मी अंगणात घामाघूम होऊन किका मारत असताना ती शेजारी येते, बटण दाबते आणि निघून जाते.

गाडीचं दुखणं साधं होतं. सकाळी चोक ओढल्याशिवाय ती सुरू व्हायची नाही आणि चोक आत ढकलला की बंद पडायची. रेस धरून ठेवली तर चालायची. रेस सोडली की कधी उगाच मोठ्याने ओरडायची, कधी दोनदा खोकून गप्प बसायची. मी आधी प्लग बदलला. मग प्लगची टोपी बदलली. मग टाकीतलं पेट्रोल खराब असणार म्हणून ते काढून नवं भरलं. शेवटी मोबाइलवर व्हिडिओ लावून, ओसरीत वर्तमानपत्र पसरून कार्बोरेटर उघडला, फुंकर मारून साफ केला आणि परत बसवला. सगळं बसवून झाल्यावर एक वायसर उरला. तो मी खिशात टाकला आणि कोणाला सांगितलं नाही.

गाडीत काहीच फरक पडला नाही. दुकानासमोरचा मिस्त्री दोनदा म्हणाला, दादा, जरा बघू द्या. मी त्याला हसून म्हणालो की किरकोळ आहे, माझ्या लक्षात आलंय. लक्षात काहीही आलेलं नव्हतं. मग मी शेवटचा उपाय केला. कार्बोरेटरच्या बाजूला रेस कमी-जास्त करायचा स्क्रू असतो, तो पिळून पार आत घातला. आता गाडी उभी असतानाही एवढ्या जोरात धडधडायची की बंद पडायला तिला फुरसतच मिळू नये. रोगी बरा झाला नव्हता, त्याला फक्त झोपू देत नव्हतो.

त्याच सुमारास माझ्या भाचीसाठी कुंभार पिंपळगावचं एक स्थळ आलं. भाची जालन्याला एका दवाखान्यात नर्स आहे. मुलगा अंबडला एका पतसंस्थेत कामाला. मुलाचं घर बघायला आमच्याकडून पाच-सहा जणांनी जायचं ठरलं. लग्नानंतरही नोकरी चालू ठेवायची, एवढी एकच भाचीची अट होती. तो प्रश्न तिकडे कोणी काढायचा यावर बहिणीच्या घरी बरीच चर्चा झाली. काम माझ्यावर आलं. मामा आहे, दुकानदार आहे, गोड बोलतो, असं सगळ्यांचं मत पडलं. मलाही ते पटलं.

बाकीचे जीपने निघाले. जीपमध्ये जागा होती, पण मी म्हणालो, आम्ही दोघं गाडीवर येतो. स्कूटी नेऊ या का, असं बायकोने एकदाच विचारलं. पाव्हण्यांच्या दारात बायकोच्या स्कूटीवर मागे बसून उतरायची माझी तयारी नव्हती.

कापूस वेचणीचे दिवस होते. रस्त्यात ट्रॅक्टर, बैलगाड्या, शेळ्या. प्रत्येक वेळी गाडी हळू केली की ती आचके द्यायची आणि मी रेस पिळायचो. गतिरोधकावर मी पायाने ब्रेक आणि हाताने रेस असं दोन्ही धरत होतो. मागे बायको पदर सावरत बसली होती. तरी वाटेत दोनदा गाडी बंद पडलीच आणि दोन्ही वेळा ती सुरू होईपर्यंत बायकोने बांधावर उभं राहून कोणाच्या तरी शेतातला कापूस बघितला.

म्हणून पाव्हण्यांच्या दारात पोचल्यावर मी गाडी बंदच केली नाही. मधल्या स्टँडवर लावली आणि तशीच धडधडत ठेवून आत गेलो.

बैठकीत मुलाचे वडील, चुलते आणि आमची मंडळी बसली होती. मुलाचे वडील शांत स्वभावाचे, शेती करणारे. त्यांनी माझी विचारपूस केली, मग दाराकडे पाहिलं.

"पाव्हनं, घाई हाय का?"

मी म्हणालो, बिलकुल नाही, निवांत आलोय. मग गाडी का चालू आहे, हे त्यांनी शब्दांत विचारलं नाही, पण पोहे फार जल्दी बाहेर आले. बाहेरच्या आवाजामुळे सगळे वरच्या पट्टीत बोलत होते. कापसाचा भावसुद्धा भांडण चालल्यासारखा विचारला जात होता.

चहा आला तशी बहिणीने मला खूण केली. मी बशी हातात घेतली, घसा साफ केला आणि म्हणालो, "आमची मुलगी जालन्याला नोकरीला आहे, तर त्याबद्दल आमचं म्हणणं असं की..."

बाहेर गाडीचा आवाज एकदम पडला. खोकली, पुन्हा खोकली. मी बशीसकट उठून पळालो आणि रेस पिळली. गाडी सावरली. परत येऊन बसलो तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. "तर आमचं म्हणणं," मी म्हणालो आणि तिने पुन्हा आचका दिला. या वेळी मी बशी खाली ठेवून गेलो आणि परत आलो नाही. रेस धरून तिथेच उभा राहिलो.

थोड्या वेळाने मुलगा तांब्याभर पाणी घेऊन बाहेर आला. वडिलांनीच पाठवलं होतं. अंगाने बारीक, इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखा भाव.

"मामा, मला गाडीतलं काही कळत न्हाई," तो म्हणाला, "पन लई तापली वाटती."

मी त्याला इंजिनाच्या तापण्याबद्दल थोडं सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. मग आत एकदा नजर टाकून हळूच म्हणाला, "मामा, त्यांची नोकरी चालूच राहावी असं मला वाटतं. मी जालन्याला खोली बघायला तयार आहे. अंबडला येणं-जाणं मी करीन. पन आत मोठे लोक बोलून राह्यले, मी मधी कसं बोलू?"

ज्यासाठी मला एवढ्या लांब पाठवलं होतं ते काम, मी एक अक्षर धड न बोलता, असं झालं. मी नुसती मान हलवली. तेवढ्यात माझा हात रेसवरून सरकला, गाडी आचके देऊ लागली आणि त्या मुलाने घाबरून तांब्यातलं पाणी इंजिनावर शिंपडलं.

मी ओरडणारच होतो. तापलेल्या इंजिनावर पाणी मारू नये, हे मला नक्की माहीत होतं. गाडीबद्दल मला नक्की माहीत असलेली तेवढी एकच गोष्ट होती. पण गाडी एकदम शांत, एका लयीत चालू लागली. चार-पाच श्वास चालली आणि मग पुन्हा बिघडली.

मला आत बोलवायला आलेली बायको उंबऱ्यात उभी होती.

"पाणी पडलं तेव्हा नीट चालली," ती म्हणाली.

मी म्हणालो, योगायोग आहे. तिने मुलाच्या हातातला तांब्या घेतला आणि बोटांनी थोडं थोडं पाणी शिंपडू लागली. आधी कार्बोरेटरवर: काही नाही. वरच्या नळीवर: काही नाही. मग कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबरावर शिंपडलं आणि गाडी पुन्हा सुतासारखी सरळ झाली. तिने दोनदा करून बघितलं, फळ्यावरचं गणित ताळा करून बघावं तसं. मग मला म्हणाली, आता बंद करा.

मी जड मनाने चावी फिरवली. रबर दाबून पाहिलं तर खालच्या बाजूला, जिथे माझी नजर कधी गेली नव्हती, तिथे चीर पडलेली होती. त्या चिरेतून इंजिन फुकटची हवा ओढत होतं. पाणी पडलं की घटकाभर चीर बुजायची. मी हे सगळं त्या दोघांना अशा थाटात समजावून सांगितलं की जणू हा शोध मीच लावला होता. मुलाने खरंच मान डोलावली. बायकोने तांब्या पायरीवर ठेवला.

मुलाने घरातून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आणि तार आणली. मी चिरेवर पट्टी घट्ट गुंडाळली, तारेने आवळली आणि किक मारली. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली आणि अशी काही किंचाळली की बैठकीतली सगळी मंडळी अंगणात आली. आत पिळून ठेवलेला तो स्क्रू मी विसरलो होतो. आता हवा गळत नव्हती आणि रेस मात्र पूर्ण लागलेली. कोंबड्या भिंतीवर चढल्या. मी घाईने स्क्रू उलटा पिळत गेलो, तसा आवाज उतरत उतरत नेहमीच्या संथ धडधडीवर आला. मग मी गाडी बंद केली आणि आपण आतापर्यंत किती मोठ्याने बोलत होतो हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

आत जाताना बायकोने मुलाला थांबवलं. शाळेतल्या पोरांशी बोलते त्याच आवाजात ती म्हणाली, "मघाशी मामांना जे सांगितलंस ना, ते आत सांग."

त्याने सांगितलं. अडखळत, वडिलांकडे न बघता, पण सगळं सांगितलं. चुलते काही म्हणणार होते, वडिलांनी हातानेच त्यांना थांबवलं.

"राहनार तुमी दोघं," वडील म्हणाले. "तू म्हनतोस तर बराबर हाय."

येताना गाडी गतिरोधकावरसुद्धा बंद पडली नाही. बायको मागून म्हणाली की मुलगा चांगला आहे, कळत नाही ते कळत नाही म्हणतो.

पुढच्या आठवड्यात मी जालन्याला जाऊन नवं रबर आणलं आणि ते बसवायला मुकाट्याने समोरच्या मिस्त्र्याकडे दिलं. त्याने कार्बोरेटर हातात घेतला, एका जागी बोट ठेवलं आणि इथला वायसर कुठे आहे, असं विचारलं. मी म्हणालो, रस्त्यात पडला असेल.

भाचीचं लग्न उन्हाळ्यात झालं. मांडवात मुलाचे वडील माझा हात धरून त्यांच्या सोयऱ्यांशी ओळख करून देत होते. "हे मामा. हे गाडी चालू ठिवूनच सोयरीक करायला आल्ते." लोक हसले. दोष माझा नव्हता, रबराला चीर होती, हे मी समजावून सांगायला लागलो, पण तोवर ते पुढच्या पाव्हण्याकडे वळले होते. म्हणून मी ते सगळं, प्लगपासून सुरुवात करून, पंगतीत माझ्या शेजारी बसलेल्या एका गृहस्थांना सांगितलं. जिलबी येईपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं.