मल्हारीने तपासलेली पूरबोट

सायखेड्याच्या पट्ट्यात ट्रॅक्टरची वायरिंग म्हटलं की मल्हारी, हे तीस वर्षं ठरलेलं. चार्जिंग तपासायची त्याची रीत साऱ्यांना पाठ होती. चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल खसकन उपटायचं. इंजिन चालू राहिलं तर डायनामो ठणठणीत. मीटर म्हणजे शिकलेल्यांचे चोचले, असं तो वर ऐकवायचा. जुन्या ट्रॅक्टरांनी ते खपवून घेतलं आणि याची ऐट वाढत गेली.

यंदाच्या पुरात गावच्या पूरसमितीच्या मोटरबोटीने ऐनवेळी दगा दिला. दिवसभर फेऱ्या मारून नावाडी नाथाने ती शेवटी गोजराबाईच्या घराला लावली. म्हातारी पत्र्यावर बसलेली. तिला उतरवताना पाण्यातला पंखा लागू नये म्हणून त्याने मोटर बंद केली. पुन्हा सेल्फ मारला, तर नुसती टकटक. मोटरची दोरी ओढून हाताची सालटी निघाली, तोवर धारेने बोट कुठल्या कुठे नेली. दुसरी बोट पोचली तेव्हा पत्रा जागेवर नव्हता, म्हातारीही नव्हती.

नाथाने बॅटरी चार्जच केली नव्हती, असं समितीने ठरवून टाकलं आणि त्याला काढलं. महिन्याभराने मोटर मल्हारीच्या शेडमध्ये आली.

"नवी बॅटरी टाका आन् मोकळे व्हा," अध्यक्ष धनराज म्हणाले.

पण जुनी बॅटरी चार्ज केल्यावर चांगली निघाली. मल्हारीने मोटर पाण्याच्या पिंपात बुडवून चालू केली आणि धूळ खात पडलेला मीटर काढला. काटा बारा व्होल्टवर. रेस वाढवली तरी बारावरच. चौदाच्या आसपास जायला हवा होता. कॉइल तपासली, ती धड होती. कॉइलची वीज बॅटरीला पोचवणारा डबा मात्र जळून काळा झालेला. त्याने नाशकातल्या एका बोटवाल्या मेकॅनिकला फोन लावला.

"चालू मोटरवर बॅटरी काढली होती का कोणी? त्यानेच जळतो तो डबा," पलीकडून पहिलाच प्रश्न आला.

काढली होती. पुराआधीच्या चाचणीत, साऱ्या गावासमोर, खुद्द मल्हारीने. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, धनराजांनी शालही घातली होती. त्या दिवसापासून मोटर बॅटरी भरेनाशी झाली. पुरात दिवसभर सेल्फ, दिवा आणि पाणी उपसायचा पंप बॅटरी खात राहिले आणि तिच्यात परत काहीच भरलं नाही.

मल्हारीने जाऊन धनराजांना सगळं सांगितलं.

"कबुलीचा कागद वर गेला, भाऊ. नाथाची सही हाय त्याच्यावर. तुम्ही कशाला मधी पडता?"

मल्हारीला हायसं वाटलं. आणि त्या हायसं वाटण्याची इतकी लाज वाटली की तो तसाच विंचूरला गेला. नाथा तिथे कांद्याच्या खळ्यावर गोण्या शिवत होता. मल्हारीने उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

नाथाची सुई थांबली. "म्हंजी मी बॅटरी चार्जिंगला लावली व्हती?"

"लावली व्हती. त्याबिगर दिवसभर सेल्फ लागलाच नसता. तुझी काय चूक नाय."

"मी तेच सांगत व्हतो आधी. मंग सगळेच म्हणाया लागले, लावली नाय. तव्हा मलाच वाटलं, राह्यली असंल. रातभर आठवायचो, आठवायचंच नाय. म्हणून सही दिली."

"चल, मी सांगतो सगळ्यांना."

"गोजराबाईच्या पोराच्या पायावर डोकं ठिवून आलो मी," नाथा म्हणाला. "म्हटलं, तुझी आई माझ्यामुळं गेली. त्यानं मला उठवलं, माफ केलं, च्या पाजला. त्याला आता काय सांगू? माफी वापस घे?"

नाथाने पुढची गोणी ओढली आणि शिवायला घेतली. मल्हारी उभाच होता. त्याला कोणी बस म्हटलं नाही.