कादंबरी पटलेला गृहस्थ

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, व्यक्तिवादावरची एक जाडजूड इंग्रजी कादंबरी पूर्णपणे समजलेला आपल्या जिल्ह्यात मला एकच माणूस भेटला, आणि त्याने ती उघडलीही नव्हती.

दुष्काळाचं साल होतं. लोहाऱ्याहून जळकोटला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. बोलताना अंगठा आणि तर्जनी चिकटवून सोडायचा, जणू शब्दांचाही दाटपणा बघतोय. ऑफिस बंद व्हायच्या आत दूध सोसायटीचा राजीनामा द्यायला निघाला होता.

"माजी म्हैस लई घट्ट दूध देती. ते वततेत समद्यांच्या पांचट दुधात! प्यायला पाणी न्हाय, पर दुधात घालायला लोकान्ला बराबर घावतंय."

मी खुशीत येऊन हातातल्या कादंबरीची गोष्ट सांगितली. एक कारखानदार असतो, सगळे त्याच्या जिवावर जगतात. शेवटी तो कारखान्याला कुलूप ठोकतो आणि म्हणतो, यापुढे माझा मी.

त्याने बोटं चिकटवून सोडली. "घट्ट हाय गोष्ट. गड्याला कुनाची गरज न्हाय!"

तेवढ्यात माळावर एसटी बंद पडली. धक्का मारायला कंडक्टरने सगळ्यांना उतरवलं. मी मात्र कादंबरीशी इमान राखून बसून राहिलो. तो घामाघूम होऊन गाडीला खांदा देत होता. गाडी हलेना, तसा त्याने माझ्या खिडकीवर थाप मारली.

"ओ पुस्तकवाले, उतरा की खाली! समद्यांनी रेटल्याबिगर म्या राजीनामा द्यायला पोचणार कसा?"