वासाला परमिट लागत नाही

आमच्या द्राक्ष मंडळाचे किस्से मी जो भेटेल त्याला सांगत बसते, म्हणून माझा नवरा वैतागतो. पण मी तरी काय करणार? लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांसारखे ते साठत जातात. टाकवत नाहीत, आणि घरी कुणी आलं की एखादी काढून दाखवावीशी वाटते.

आधी मंडळाची ओळख करून देते. बडोद्यात, सुभानपुऱ्यात, दिघेकाकांच्या घरी आम्ही सहा-सात जण दर रविवारी सकाळी दहाला जमतो. विषय एकच, स्वस्तातली चांगली वाईन कुठली आणि ती कशाबरोबर घ्यावी. आता गुजरातमध्ये दारूबंदी. परमिट आमच्यात फक्त काकांकडे, तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळालेलं. काकांची सगळी नोकरी एका केमिकल कारखान्याच्या लॅबमध्ये गेली, त्यामुळे नियमाचे एकदम पक्के. कारखान्याने त्यांना एकदा सहा महिने जर्मनीला पाठवलं होतं, तिथल्या लॅबवाल्यांनी त्यांना वाईन हुंगायला शिकवलं. तर वाईन ते एकटेच चाखतात, मोजून दोन घोट. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत नाश्ता करतो आणि कोकम सरबत पितो.

"सकाळीच का?" असं कुणी विचारलं की काका म्हणतात, "सकाळी नाक कोरं असतं."

* * *

रेल्वेतले शिर्के पहिल्यांदा आले ते पुऱ्या तयारीने. जेवायला उशीर होईल असं बायकोला सांगूनच निघाले होते. काकांनी बाटली उघडली तसा त्यांनी पेला पुढे केला. काकांनी त्यात कोकम सरबत ओतलं.

"शिर्के, परमिटवर माझं नाव आहे. तुमचं नाही."

शिर्के चपला शोधायला लागले. तेवढ्यात आतून सुमनकाकू, म्हणजे काकांची बायको, गरम सेव-उसळ घेऊन आल्या. शिर्के टेकले. काकांनी पेला उजेडात धरला आणि बोलायला सुरुवात केली.

"ही नाशिकची रोझे. साधी, स्वस्त, गुलाबी. उसळीचा तिखट रस्सा घशात पेटला की हिचा एक थंड घोट. आधी कलिंगडाचा सालीजवळचा फिका भाग लागतो, मग मागून कैरीची फोड. जाळ विझतो, चव राहते. तिखटाबरोबर भारी रेड घेणारा माणूस आगीत तेल ओततो."

शिर्क्यांनी डोळे मिटून उसळीचा घास घेतला, त्यावर कोकम सरबताचा घोट घेतला आणि म्हणाले, "लागतेय खरी."

त्याला सहा वर्षं झाली. शिर्क्यांनी एकही रविवार चुकवलेला नाही.

* * *

शेजारचे जयेशभाई आयुष्यात कधी थेंब न प्यायलेले. ते येतात नाश्त्यासाठी, आणि हे ते लपवतही नाहीत. एकदा काका 'ड्राय वाईन' समजावत होते. बटाट्याचा ओलसर लीलो चेवडा खाता खाता जयेशभाईंचा हात थांबला.

"ड्राय वाईन? एटले, म्हणजे पावडर?"

काकांना हसू आलं नाही. शिकवताना ते हसत नाहीत. "नाही जयेशभाई. द्राक्षात साखर असते. आंबताना ती सगळी संपली की राहते ती ड्राय. गोडवा गेला, बाकी सगळं शिल्लक."

जयेशभाईंनी जरा विचार केला. दोन वर्षांपूर्वी त्यांना डॉक्टरांनी साखर बंद केली होती.

"तो पछी हुं पण ड्राय छुं," ते म्हणाले, आणि चेवड्याकडे वळले.

* * *

काकांना फोन मात्र जगभरातून येतात. त्यांचा पुतण्या अमेरिकेत असतो. एकदा त्याने साहेबाला जेवायला बोलावलं आणि दुकानातूनच व्हिडिओ कॉल केला. मागे बाटल्यांच्या फळ्याच फळ्या. काकांचा पहिला प्रश्न नेहमीचाच, "घरी काय शिजलंय ते सांग. बाटलीचं मग बघू."

"अळुवडी, चिंचगुळाची. आणि डाळिंब्यांची उसळ."

"मग डोळ्यांसमोरच्या फळीला हात लावू नकोस. तिथे नाव विकतात. वाक. सगळ्यात खालची फळी दाखव. हां, ती शेनिन ब्लाँ. किंचित गोडसर बघून घे. चिंचगुळाला तशीच लागते, नाहीतर वडीपुढे वाईन नुसती आंबट होऊन बसेल."

साहेब खूश झाला. ही निवड कुणाची म्हणून विचारलं. पुतण्याने सांगितलं, काकांची, ते गुजरातला असतात. साहेबाने फोनमध्ये गुजरात शोधलं आणि चकित होऊन म्हणाला, तिथे तर दारूबंदी आहे.

हे पुतण्याने काकांना कळवलं. काका म्हणाले, "त्याला सांग, म्हणूनच अभ्यास चांगला होतो."

* * *

काकांची मुलगी केतकी नाशिकला नोकरी करते. तिने तिकडचाच मुलगा पसंत केला. त्याचे वडील साळुंखे, वाईनच्या द्राक्षांचे मळेवाले. पत्रिका-बित्रिका नव्हती, पण तिकडची मंडळी कशी असतील याची सुमनकाकूंना धास्ती होती. ऐन दिवाळीत साळुंख्यांचा पहिला फोन आला आणि तो काकूंनी उचलला.

"दिघेसाहेब आहेत का?"

"नाहीत ना. कॉलनीतल्या मुलांसाठी दारूखाना आणायला गेलेत. दरवर्षी पिशवी भरून आणतात. पोरं सकाळपासून दारात बसलीयेत."

आता आम्ही बडोदेकर फटाक्यांना दारूखाना म्हणतो. गुजराती शब्द, घरात कधी शिरला ते कळलंही नाही. साळुंख्यांना ते कुठून माहीत असणार? पलीकडे साळुंख्यांनी घसा खाकरला. मग ते अगदी मोकळेपणाने म्हणाले, "वहिनी, आमची फार काळजी मिटली. आम्हाला वाटत होतं, गुजरातची माणसं, जरा कडक असतील."

उलगडा झाल्यावर दोन्ही घरं आठवडाभर हसत होती. साळुंख्यांनी तेव्हाच जाहीर केलं, "लग्नाच्या जेवणाची वाईन दिघ्यांनी निवडायची. माझ्या घरी येऊन, माझ्यासमोर." काकांनी फोनवरच शब्द दिला. तेव्हा त्यांच्या नाकाला काहीच झालं नव्हतं.

* * *

काकांच्या शर्टांचाही एक किस्सा आहे. नोकरीत होते तेव्हा काकू त्यांना शर्ट दारातच काढायला लावत. लॅबचा तो रॉकेलसारखा वास. शर्ट वेगळे भिजायचे, वेगळे वाळायचे. काकू म्हणायच्या, नुसत्या वासावरून मी वार सांगते. शनिवारी टाक्यांचे नमुने घ्यायचे असत, त्यामुळे शनिवारचा शर्ट सगळ्यात वाईट.

एका रविवारी काका म्हणाले, "रीझलिंग नावाची एक वाईन असते. कडक उन्हातल्या द्राक्षांची असली, की तिला चक्क पेट्रोल-रॉकेलचा वास येतो. आणि जाणकार लोक त्यासाठी पैसे मोजतात."

काकू पोळ्या लाटत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "पैसे मोजतात? मग तीस वर्षं मी फुकटच धुतले."

* * *

मागच्या हिवाळ्यात काकांना ताप आला. आठ दिवसांनी उतरला, मंडळ पुन्हा सुरू झालं, सगळं जागेवर आलं. मग एका रविवारी शिर्क्यांनी जुन्या शहरातल्या वाडी भागातून लीलो चेवडा आणला. मी पहिला घास घेतला आणि तो कागदात थुंकून टाकला. तेलाला इतका खवट वास येत होता की जयेशभाईंनीसुद्धा ताटली बाजूला सारली. काका मात्र निवांत चघळत होते.

"छान आहे," म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी ताटल्या घेऊन आत गेले तर काकू ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"तापानंतर गेला गं शैला वास," त्या हळूच म्हणाल्या. "चार महिने झाले. जीभ शाबूत आहे. आंबट, गोड, तुरट कळतं. बाकी सगळं आठवणीतून सांगतायत. कुणाला सांगू नको म्हणालेत. केतकीलाही नाही."

ज्या माणसाने आम्हाला वाईन न पाजता तिची चव दिली, तो चार महिने आमच्यासमोर बसून नुसता आठवत होता. आणि नाशिकचा शब्द दिलेला होता.

पुढच्या रविवारी काकांनी बाटली उघडली, पेला भरला, आणि खाली ठेवला. "मंडळी, मला वाटतं आता बस करू या," म्हणाले. "आपलं मंडळ पुष्कळ झालं."

सुमनकाकू आतून हात पुसत आल्या. त्यांनी त्या बाटल्यांना कधी बोट लावलेलं नव्हतं. त्यांनी सरळ पेला उचलला आणि नाकाशी नेला.

"अगं सुमन, तुला परमिट नाही," काका दचकून म्हणाले.

"वासाला परमिट लागत नाही." काकूंनी डोळे मिटले. "लिंबाची साल. आणि कढीपत्ता, फोडणीत पडायच्या आधीचा. घ्या, आता तुम्ही सांगा."

काकांनी पेला हातात घेतला. मग त्यांनी घोट घेतला, जिभेवर फिरवला.

"आंबट. स्वच्छ. गोड अजिबात नाही." त्यांनी दुसरा घोट घेतला. "सोव्हिन्यों ब्लाँ अशीच लागते. डाळ-तांदळाच्या हांडव्याबरोबर घ्यावी. वरचा तीळ खरपूस असला तर उत्तमच."

"मग हांडवा आणा ने," जयेशभाई म्हणाले. मंडळ बंद करायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

* * *

आता नाशिकचं सांगते. मुलीकडची म्हणून मीही गेले होते. जाताना गाडीत काका दोनदा म्हणाले, "खरं सांगून टाकू या." दोन्ही वेळा काकू म्हणाल्या, "तुम्ही फक्त घोट घ्या."

साळुंख्यांनी टेबलावर चार बाटल्या मांडल्या होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळून. समोर चार पेले. घरचे सगळे गोळा झालेले, केतकी सगळ्यांच्या पुढे. तिच्या डोळ्यांत बापाचा अभिमान नुसता ओसंडत होता.

"लग्नाला सुरळीच्या वड्या, मसालेभात आणि तुमचं उंधियू," साळुंखे म्हणाले. "त्याला जाईल अशी एक सांगा. काही भारी आहेत, काही साध्या."

काकूंनी पहिला पेला उचलून हुंगला. "जांभूळ. मागे मिरी." काकांनी घोट घेतला. "शिराझ. मटणाला द्या. वड्यांवर दादागिरी करेल."

दुसरा. काकूंनी नाक मुरडलं. "ओट्यावर रात्रभर राहिलेलं ओलं फडकं." काकांनी पेल्याला हातही लावला नाही. "बूच खराब निघालं." साळुंख्यांनी स्वतः वास घेतला आणि बाटली गुपचूप खाली ठेवली. नंतर कळलं, सगळ्यात महागडी तीच होती.

तिसरा. "पेरू, पिकलेला." काकांनी चाखली. "शेनिन. चालेल. बाजूला ठेवा."

साळुंख्यांना राहवेना. "वहिनी, तुम्ही घेत नाही म्हणता, मग इतकं कसं कळतं?"

"चाळीस वर्षं हे दारात आले की कुठून काय खाऊन आलेत ते मी वासावर ओळखते," काकू म्हणाल्या. सगळे हसले. साळुंख्यांच्या बायकोने तर मानही डोलावली.

चौथा पेला काकूंनी नाकाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला. मग पुन्हा वास घेतला.

"काय? हीपण खराब?" काकांनी खालच्या आवाजात विचारलं.

काकू त्यांच्या कानाशी वाकल्या. मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं.

"तुमचे शर्ट."

काकांनी पेला घेतला. घोट घेतला, जिभेवर ठेवला, गिळला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "रीझलिंग. किंचित गोडसर, आंबटपणा धारदार. उंधियूच्या मसाल्याला हीच पुरी पडेल. साळुंखे, लग्नाला ही घ्या."

साळुंख्यांनी वर्तमानपत्र सोडलं. रीझलिंगच होती. "आणि चारांत सगळ्यात स्वस्त," ते म्हणाले, आणि त्यांनी काकांना मिठीच मारली. टाळ्या झाल्या, पेढे आले, केतकी रडली. त्या गडबडीत काका चौथा पेला घेऊन खिडकीपाशी गेले. पेल्यात नाक घालून बराच वेळ तसेच उभे राहिले. काकू त्यांच्यामागे जाऊन थांबल्या.

"येतोय?" त्यांनी विचारलं.

"येतोय," काका म्हणाले. "शनिवारचा आहे."