दाताखाली धरलेला दोर

"तुझ्या बायकोनं सडक्या बांबूचा दोर वळला, पंग! एवढ्या वर्षांची मेहनत गेली पाण्यात!" मालक यान विहिरीशी उभा राहून ओरडत होता.

मिठाची विहीर ती, खोलातलं खारं पाणी वर काढून आटवायची. तोंड भाताच्या वाडग्याएवढं, खोली मात्र विचारूच नका. बांबूच्या दोराला लोखंडी पहार टांगायची, गड्यांनी फळीवर उड्या मारून ती उचलायची नि आदळायची. दिवसाला बोटभर खडक फुटला तरी नशीब! दर ठोक्याला दोर हातानं जरासा फिरवायचा, म्हणजे भोक गोल पडतं. ते काम पंगचं. उभी जवानी त्यानं त्या दोराशी घालवली होती. आज सकाळी तोच दोर तुटला आणि पहार तळाला गेली.

दोर वळणारी छ्याओ, पंगची बायको, मागे हटेना. "माझा दोर सडका नव्हता, मालक. वरचं टोक घासून चिंध्या झालंय, पहारीला राहिलेलं टोक वर काढा नि बघा."

"नाही निघालं तर विहीर बुजवतो. आणि तू पुन्हा दोराला हात लावायचा नाहीस!"

पंगला खरं ठाऊक होतं. पण सांगणार कसं? थंडीपासून त्याच्या दोन्ही हातांची बोटं मेली होती. दोर फिरला की नाही, त्याला कळतच नव्हतं. सगळं अंदाजपंचे चाललं होतं. पहार एकाच खाचेत आदळत राहिली आणि दोराला पीळ बसत गेला. टोक वर आलं की हे सगळ्यांना दिसणार होतं.

पहार पकडायला त्यानं बांबूच्या काटेरी कामट्यांचा पंजा दुसऱ्या दोरानं खाली सोडला. एकदा, दोनदा, कितीदा तरी. हाताला काहीच लागेना.

"लागतंय का काही?" मालक खेकसला.

नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी सुटला असता मेला! विहीर बुजली असती आणि खापर बायकोवर फुटलं असतं. त्यानं छ्याओकडे पाहिलं. मग खाली वाकून त्यानं दोर दातांत धरला.

गडी हसले. "म्हातारा भुकेजला वाटतं!"

पंगनं डोळे मिटले. दातांना किंचित हिसका बसला. "ओढा! हळू, मेल्यांनो, हळू!"

रहाट करकरला. पंजा मधेच घसरला, पण त्यानं पुन्हा पकड घेतली. अखेर पहार वर आली. दोराचं टोक हिरवंगार, चिवट होतं. नुसता पीळ बसून बसून पिचलेलं.

"दोर चांगला होता, मालक," पंग म्हणाला. "मीच फिरवला नाही. माझ्या हातांना कळत नाही."

छ्याओ पुढे आली. तिनं त्याचा हात हातात घेतला.

"कधीपासून?"

"थंडीपासून."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला? मघापासून शिव्या मी खात होते ना!"

तिनं रागानं त्याच्या बोटात नख रुतवलं, रक्त येईपर्यंत. तो तसाच उभा राहिला, त्याला काही कळलंच नाही, आणि मग छ्याओला रडू फुटलं.