टीचरचा सहा दिवसांचा आराम

टीचरना बसता येत नसे. पाय चांगले धडधाकट होते, पण खुर्ची दिसली की त्या तिच्यावर आपली पर्स ठेवत आणि स्वतः शेजारी उभ्या राहत. बसमध्ये जागा मिळाली तरी दोन थांब्यांनंतर उठून दाराशी जात. दुपारी डबासुद्धा खिडकीच्या कट्ट्यावर उघडा ठेवत आणि येता-जाता घास घेत. इस्रायलमधल्या किर्यात गातच्या सूतगिरणीत मी त्यांच्या हाताखाली सात वर्षं काढली, आणि बसलेल्या टीचर कशा दिसतात असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

त्या आमच्या वाइंडिंग खात्याच्या मुकादम. टीचर हे नाव मुंबईहून बरोबर आलेलं. भायखळ्याच्या एका शाळेत त्यांनी सोळा वर्षं इंग्रजी आणि भूगोल शिकवला होता. इथे आल्यावर हिब्रू येत नाही म्हणून शाळेने घेतलं नाही, गिरणीने घेतलं, आणि टीचरनी गिरणीचीच शाळा केली. सकाळी सहाला हजेरी, तीही तोंडपाठ. आम्ही ठाण्या-मुंबईच्या चौघी, रुमानियाची एक आणि बाकी सगळ्या मोरोक्कोच्या. एखादी उशिरा आली तर तिला दारातच उभं करून कारण विचारत, आणि कारण खरं असेल तर पाणी देत. मोरोक्कोच्या बायकाही त्यांना टीचरच म्हणत. त्यातल्या निम्म्यांना ते त्यांचं पाळण्यातलं नाव वाटायचं.

आमचं काम म्हणजे बॉबिनवरचं सूत शंकूच्या आकाराच्या मोठ्या कोनांवर गुंडाळायचं, धागा तुटला की धावत जाऊन गाठ मारायची. टीचर दिवसभर रांगांमधून फिरत. गाठ कुणी मारली ते त्या बोटाने चाचपून ओळखत. मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "रूबी गो, तुझी गाठ चांगली आहे, पण तोंड फार चालतं." ते खरंच होतं. अजून आहे.

सुट्टीचं नाव काढलं की त्या चिडत. आरामावर त्यांचं एक ठरलेलं भाषण होतं. आराम करायला माणसाने आधी दमलं पाहिजे, मी दमतच नाही तर आराम कशाचा करू, असं त्यांचं म्हणणं. नवरा मुंबईतच वारलेला, दोन मुलगे अश्केलोनला आपापल्या संसारात. घरी कुलूप उघडून आत गेलं की भिंती बघायच्या, त्यापेक्षा खातं बरं. हे शेवटचं त्या भाषणात नसायचं, ते मला दिसायचं.

अशा बाईला कामगार समितीने चांगल्या कामाचं बक्षीस काय द्यावं? जहाजाची सफर. हैफाहून रविवारी निघायचं, सायप्रस, ऱ्होडस, पिरेयस करून शुक्रवारी सकाळी परत. तिकिटं दोन. मुलांना रजा मिळेना, म्हणून टीचरनी मला विचारलं. मी चोवीस वर्षांची, जहाज फक्त लांबून पाहिलेलं. मी ताबडतोब हो म्हटलं.

निघायच्या आधीच्या गुरुवारी मॅनेजरने मला ऑफिसात बोलावलं. टीचरना साठ वर्षं पूर्ण झाली होती. नवी आपोआप गाठ मारणारी मशीनं येणार होती, त्यांचा कोर्स मी केलेला होता. सफरीनंतरच्या रविवारपासून खातं तुझ्याकडे, असं त्याने सांगितलं. आणि टीचरना? त्यांना पेन्शन, समारंभ, फुलं. त्याने स्वतः सांगायचं का टाळलं ते त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. "तू तिच्या जवळची," तो म्हणाला. "जहाजावर माणूस निवांत असतो. हवा चांगली असते. तिथे सांग."

मी हो म्हटलं. आणि लपवू कशाला, मला आनंद झाला. मुकादम व्हायचं माझ्या दोन वर्षांपासून मनात होतं. घरी जाताना मी बसमध्ये स्वतःशीच हसत होते. टीचरना सांगायचं आहे हे मला घराच्या जिन्यात आठवलं.

जहाजावर पाय ठेवल्या ठेवल्या टीचरना काम सापडलं. सुटण्यापूर्वी सगळ्यांना जीवरक्षक जाकिटं घालून डेकवर उभं करतात. आमच्या गटात बत्तीस माणसं हवी होती. टीचरनी मोजली तर तीस भरली. ग्रीक अधिकारी खांदे उडवून पुढे जायला निघाला, तर त्यांनी त्याला शाळेच्या इंग्रजीत थांबवलं. मग स्वतः खाली जाऊन केबिनची दारं ठोठावत एका नवपरिणीत जोडप्याला बाहेर काढून आणलं. बिचारी दोघं कानांपर्यंत लाल झाली होती. तेव्हापासून तो अधिकारी टीचर दिसल्या दिसल्या त्यांना सलाम करू लागला.

आमची केबिन आवरायला येणारा माणूस तर हवालदिल झाला. तो यायच्या आत दोन्ही पलंग चापूनचोपून तयार, टॉवेल घडी करून ठेवलेले. आपल्याबद्दल तक्रार आहे असं वाटून तो दुसऱ्या दिवशी वरिष्ठांना घेऊन आला. टीचरनी त्या दोघांनाही चादरीचा कोपरा कसा दुमडायचा ते शिकवलं आणि माझ्या पिशवीतला चिवडा खायला दिला. तिसऱ्या दिवशी डेकवरच्या लांब खुर्च्यांवरून भांडण झालं. लोक पहाटेच टॉवेल टाकून जागा अडवत. टीचरनी पाळ्या लावल्या, अर्धा-अर्धा तास. स्वतःच्या पाळीला त्या खुर्चीशेजारी उभ्या.

जेवणाच्या टेबलावर रोज एकच वाद चाले, जहाजावर आराम मिळतो की डोकेदुखी. खोलोनचा एक दात काढणारा डॉक्टर म्हणे, फोन नाही, दार वाजत नाही, हाच स्वर्ग. त्याची बायको म्हणे, घंटा वाजली की जेवा, भोंगा वाजला की उतरा, धावत बंदर बघा, धावत परत या, याला आराम म्हणतात का. मग सगळे टीचरकडे बघत. टीचर उभ्यानेच सूप पीत सांगत की प्रश्न जहाजाचा नाही, माणसाने बरोबर काय आणलंय त्याचा आहे. सगळे हसत. मी पानातल्या माशाचे काटे काढत बसे, कारण मी काय आणलं होतं ते मलाच ठाऊक होतं.

रोज ठरवायचं, आज सांगायचं. लिमासोलला सांगणार होते, तर त्यांना लेसचे रुमाल घ्यायचे होते, खात्यातल्या प्रत्येकीला एक. ऱ्होडसला किल्ल्याच्या भिंतीवर सांगणार होते. तिथे त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, आता दहाची चहाची सुट्टी झाली असेल, माझ्यामागे कुणी रांगा बघितल्या असतील की नाही. मग परत गेल्यावर काय काय करायचं ते सांगू लागल्या. गरोदर आहे त्या मलकाला खिडकीजवळची रांग द्यायची. चौथ्या रांगेचा पट्टा बदलून घ्यायचा. मला नवी मशीनं शिकवायला सांगणार होत्या, साठीत का होईना, शिकेन म्हणाल्या. मी मान डोलावत राहिले. उतरताना त्यांनी माझे फोटो काढून घेतले, मी त्यांचे काढले. त्या फोटोत टीचर तोंडभर हसताहेत.

सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचा मॅनेजरवरचा राग गेला होता. सात वर्षं त्या त्याला कामातलं काही कळत नाही म्हणत आल्या होत्या. आता म्हणायच्या, मी चुकले रूबी, माणूस बोलत नाही पण बघतो, नाहीतर समितीला माझं नाव कोण सुचवतं. पिरेयसला त्यांनी तीन दुकानं पालथी घालून त्याच्यासाठी टाय घेतला. रंग मला निवडायला लावला. मी निळा म्हटलं.

गुरुवारी दिवसभर फक्त समुद्र होता. सकाळी टीचर केबिनमध्ये तो टाय छानशा कागदात बांधत होत्या. एक कार्ड माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, माझं हिब्रू बाजारातलं, तू शाळेतलं लिहितेस, तू लिही. काय लिहू विचारलं तर क्षणभर विचार करून त्यांनी मराठीत सांगितलं, "लिही, माझ्यावर विश्वास ठेवलात त्याबद्दल आभारी आहे."

मी पेन उघडलं. तारीख लिहिली. पुढे हात चालेना. मग रडत, अडखळत, जमेल तसं सगळं सांगितलं: पेन्शन, नवी मशीनं, रविवार, मी. मॅनेजरने कधी सांगितलं तेही सांगितलं. बोलणं संपल्यावर टीचरनी मला आपला रुमाल दिला, टायची पुडी उचलली आणि बाहेर गेल्या. बोळात केबिन आवरणारा उभा होता, त्याच्या हातात ती ठेवली. तो पुन्हापुन्हा आभार मानत होता.

थोड्या वेळाने मी त्यांना शोधायला डेकवर गेले. टीचर खुर्चीत बसल्या होत्या. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. पाळी संपली तरी उठल्या नाहीत, आणि कुणी उठवलंही नाही. जेवणाची घंटा झाली, त्या बसून. खोलोनच्या डॉक्टरने लांबून बघितलं आणि खूश होऊन माझ्याकडे आला. पाचव्या दिवशी का होईना, तुमच्या टीचरना समुद्राने आराम दिला, असं म्हणाला. ग्रीक अधिकाऱ्याने हसून सलाम केला. सगळ्या जहाजाला बरं वाटलं. मी कठड्याला धरून उभी होते आणि मला भीती वाटत होती, की ही बाई आता उठणारच नाही.

शुक्रवारी मी टीचरबरोबर हैफाहून किर्यात गातला आले. बसस्टँडवर त्यांनी रुमालांचं पुडकं माझ्या हातात दिलं, रविवारी वाटून टाक म्हणाल्या. मग थांबल्या.

"खातं तुला दिलं, चांगलं केलं त्यांनी. मीही तुलाच दिलं असतं," टीचर म्हणाल्या. "पण चार दिवस, रूबी. चार दिवस मी तुझ्यासमोर हसत होते, बेत करत होते, टाय घेत होते. तुला सगळं ठाऊक होतं आणि तू मला हसू दिलंस."

संध्याकाळी शब्बाथची सुट्टी लागायच्या आत घरी पोचायला हवं होतं. त्या आपली बॅग उचलून गेल्या.

त्यानंतर वर्षभराने त्यांनी घर हलवलं, अश्केलोनला थोरल्या मुलाजवळ गेल्या. तिथे आजूबाजूच्या मुलांना इंग्रजी शिकवू लागल्या, दवाखान्यात नव्याने आलेल्यांचे कागद भरून देऊ लागल्या. मी सणाला भेटायला जायची. त्या चहा द्यायच्या, आईची चौकशी करायच्या, पण खात्याबद्दल कधी विचारलं नाही. माझ्याशी त्या अगदी नीट वागत, आणि ते नीट वागणंच मला टोचे. रागावल्या असत्या तर मी पाय धरले असते.

मी मात्र एक धडा घेतला. एकोणीसशे ऐंशी साल उलटल्यावर गिरणीचे दिवस फिरले आणि माणसं कमी करायची यादी माझ्या हातात आली. मॅनेजर म्हणाला, पेसाखच्या सणानंतर सांग. मी त्याच सकाळी, मशीनं सुरू व्हायच्या आधी, एकेकीला बाजूला घेऊन सांगितलं. शिव्या खाल्ल्या. मलका तर तोंडावर थुंकायचीच बाकी होती. पण त्या रात्री मला झोप लागली.

पुढे दोनेक वर्षांनी एका सकाळी गिरणीत टीचरच्या थोरल्या मुलाचा फोन आला. आई हॉस्पिटलात आहे, डॉक्टरांनी आशा सोडली आहे, सणापर्यंत काढेल असं वाटत नाही. भेटून जा, पण आम्ही तिला अल्सर सांगितलाय, तूही तेच सांग. तो हिब्रूत बोलत होता, मी मराठीत हो-हो करत होते. ते हो तोंडातून निघतानाच मला कळलं की हे मी पाळणार नाही. खातं दुसरीवर सोपवून मी पुढची बस धरली. वाटभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मुलांची आई, सांगायचा हक्क त्यांचा. मी कोण?

टीचर उशीला टेकून पडल्या होत्या. फार बारीक झाल्या होत्या. खिडकीत मुलांनी आणलेली फुलं, उशाशी सफरचंदं. मला बघून हसल्या आणि म्हणाल्या, अल्सरला एवढी फुलं लागतात हे मला माहीत नव्हतं. मी स्टूल ओढलं, त्यांचा हात धरला, आणि मुलाने सांगितलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. या वेळी रडले नाही.

टीचरच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही. मग मान वळवून त्यांनी मला एकच विचारलं.

"तुला कधी कळलं?"

"सकाळी आठला," मी म्हटलं. "मिळेल ती पहिली बस धरून आले."

टीचरनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वादहा झाले होते. त्यांनी माझा हात घट्ट दाबला, इतका की मला वाटलं नव्हतं त्या हातात एवढं बळ उरलं असेल, आणि दुसऱ्या हाताने पांघरूण बाजूला सारलं.

"मग अशी बसलीस काय गो?" त्या म्हणाल्या. "पेन काढ आणि कागद घे. पुष्कळ कामं आहेत."